कॅथलॅबची वाट: मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

नीटचा निकाल लागला की माझ्या ओपीडीच्या रांगेत एखादा धडधाकट माणूस हमखास बसलेला असतो. सोबत अठरा वर्षांचं लेकरू. केसपेपर काढलेला, फी भरलेली. आत आल्यावर म्हणतो, "डॉक्टरसाहेब, छातीबिती काही दुखत नाही. याला हार्टचा डॉक्टर करायचंय. कसं करायचं तेवढं सांगा." फी परत देतो आणि दहा मिनिटं बोलतो. त्यातलं निम्मं ते जालना नाक्यापर्यंत पोचायच्या आत विसरत असणार. म्हणून हे लिहून ठेवतोय. बारावीतल्यांनी सुरुवातीपासून वाचावं, एमबीबीएसला असलेल्यांनी थोडं पुढे सरकून.

आधी एक गोंधळ मिटवू

छाती उघडून बायपास करतो तो सर्जन. त्याचा रस्ता वेगळा: एमबीबीएस, मग एमएस सर्जरी, मग एमसीएच. आमचा रस्ता एमबीबीएस, एमडी मेडिसिन, मग डीएम कार्डिओलॉजी. डीएम झालेले सगळे कार्डिओलॉजिस्टच, पण त्यातही वाटा फुटतात. कुणी हृदयाच्या ठोक्यांच्या विजेचा अभ्यास करतो, कुणी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्कॅनमध्ये रमतो, कुणी लहान मुलांच्या जन्मजात दोषांकडे वळतो. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत जातो, बंद रक्तवाहिनी उघडतो, जाळी बसवतो, तो इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट, आणि हे काम ज्या एक्स-रेच्या खोलीत चालतं ती कॅथलॅब. गावाकडं त्याला 'जाळीवाला डॉक्टर' म्हणतात आणि मला ते नाव आवडतं.

ही विद्या फार जुनी नाही. १९२९ साली वेर्नर फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरानं स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. तेव्हा त्याला बोलणी खावी लागली, १९५६ साली नोबेल मिळालं. फुग्यानं हृदयाची रक्तवाहिनी उघडायची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिकला केली, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. दुसऱ्या दिवशी आपला मुक्तिसंग्राम दिन, म्हणून ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाच्या हृदयात पहिली जाळी बसली १९८६ साली. म्हणजे तुमच्या आजोबांना तरुणपणी अटॅक आला असता तर त्यांच्यासाठी यातलं काहीही नव्हतं.

वर्षांचा हिशेब

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप १ वर्ष, एमडी ३, डीएम ३. बेरीज साडेअकरा. कागदावर अठराव्या वर्षी सुरू केलेला माणूस तिसाव्या वर्षी मोकळा होतो. प्रत्यक्षात एमडीच्या प्रवेशाच्या नीट-पीजीच्या तयारीत वर्ष जातं, डीएमच्या प्रवेशाच्या नीट-एसएसमध्ये आणखी एखादं जातं. सरकारी कॉलेजात शिकलात तर एमबीबीएस, एमडी आणि डीएम या तिन्हींनंतर बाँडची, म्हणजे सक्तीची सरकारी, सेवा असते. बत्तीस ते चौतीस हे वय धरून चाला. घरी लग्नाचा विषय निघतो, भावाचं घर बांधून होतं, वर्गमित्र तहसीलदार होऊन गाडीतून फिरतो, आणि तुम्ही त्या वयात सीसीयूत (हृदयरुग्णांच्या आयसीयूत) रात्रपाळी करत असता. हे मान्य नसेल तर आत्ताच सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

बारावी आणि एमबीबीएस

नीटबद्दल मी फार बोलत नाही. लातूर पॅटर्न काय असतो हे आपल्याकडच्या चहाच्या टपरीवाल्यालाही माहीत आहे. ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, आणि आपली पोरं मार खातात ती फिजिक्समध्ये. एक गोष्ट मात्र पालकांना सांगावी लागते, कारण त्यांच्या डोक्यात जुना हिशेब असतो. पूर्वी राज्यात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता (सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना), आपल्याकडं कॉलेजं कमी, त्यामुळं मराठवाड्यातलं लेकरू जास्त गुण मिळवूनही मागं राहायचं. तो कोटा २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्याची यादी एकच.

आणि कॉलेजंही वाढली. संभाजीनगरची घाटी १९५६ ची. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज सत्तरच्या दशकातलं. नांदेड १९८८ चं, लातूर २००२ चं. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीलाही सरकारी कॉलेज सुरू झालं. नव्या कॉलेजात इमारतीचे, प्राध्यापकांचे हाल असतात, पण सरकारी जागा मिळाली तर सोडू नका. खाजगी जागेसाठी चार एकर विकायची भाषा करणाऱ्या बापाला मी हात जोडून थांबवतो. हा रस्ता एमबीबीएसला संपत नाही. पुढं दोन मोठ्या परीक्षा आहेत, आणि डोक्यावर व्याज असलं की माणूस त्या परीक्षांच्या वेळी चुकीचे निर्णय घेतो.

एमबीबीएसला असताना कार्डिओलॉजीची जाडजूड पुस्तकं उघडू नका. तीन गोष्टी हाताला आणि कानाला लावून घ्या: ईसीजी, स्टेथोस्कोप आणि शीर सापडणं. रोज पाच ईसीजी वाचायचे, रुग्ण शेजारी असताना. इंटर्नशिपमध्ये पोरं कॅज्युअल्टीतून निसटून लायब्ररीत जाऊन बसतात, कारण पीजीची परीक्षा डोक्यावर असते. मला ते कळतं, मीही केलंय. पण अंबाजोगाईला किंवा घाटीत रात्री दोन वाजता साप चावलेला, औषध प्यालेला आणि छातीत कळ आलेला असे तिघं एकदम येतात, तेव्हा आधी कुणाकडं धावायचं हे जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही.

विंचवाचंही उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. नोकरीनिमित्त ते कोकणात महाडकडं गेले. तिथं विंचू चावून माणसं मरत होती. विषानं हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपलं, आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीनं माणसं वाचवली. ते संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्या खेड्यातल्या दवाखान्यात ना कॅथलॅब होती ना मोठं मशीन. इंटर्नशिपचं ग्रामीण पोस्टिंग 'वाया गेलेले महिने' आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

एमडी मेडिसिन

नीट-पीजीत रँक चांगली आली की घरचे म्हणतात रेडिओलॉजी घे, सुखी राहशील. सुखी राहाल हे खरं आहे. डीएम कार्डिओलॉजी करायची तर मेडिसिन हाच सरळ रस्ता. पीडियाट्रिक्स किंवा श्वसनरोगातली एमडी करूनही नीट-एसएसमधून येता येतं, पण बहुतेक जण मेडिसिनमधूनच येतात.

कॉलेज निवडताना शहर बघू नका, आयसीयू कोण चालवतं ते बघा. जिथं रात्रीचा आयसीयू रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, हातात असतो, वर एक सीनियर जागा असतो, तिथं जा. मेडिसिनच्या तीन वर्षांत चार कामं हातात बसायला हवीत: मानेतून सेंट्रल लाइन, तात्पुरता पेसमेकर, हृदयाभोवतीचं पाणी सुईनं काढणं आणि इकोचा प्रोब धरणं. इको सगळ्यात आधी. इकोवाल्या सरांच्या मागं दुपारी जेवणाच्या वेळेत उभं राहिलात तर ते आनंदानं शिकवतात, कारण त्या वेळेला दुसरं कुणी येत नाही.

डीएम: जागा कुठली घ्यायची

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात.

नीट-एसएस ही देशपातळीवरची परीक्षा. एम्स, चंडीगडचं पीजीआय, पाँडिचेरीचं जिपमेर यांची वेगळी आयएनआय-एसएस. नॅशनल बोर्डाचं डीआरएनबी कार्डिओलॉजीही तीन वर्षांचंच, डीएमच्या तोडीचं. आपल्याकडच्या बहुतेकांना यासाठी बाहेर पडावं लागतं. मुंबईला केईएम, जेजे, सायन, नायर. नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबादचं निम्स परकं वाटत नाही, निजामाच्या काळापासून आपली माणसं उपचाराला तिकडं जातातच. अहमदाबादचं यू. एन. मेहता, बंगळूरचं जयदेव, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा या मोठ्या, रुग्णांनी गजबजलेल्या संस्था.

संस्थेचं नाव मोठं आहे म्हणून जागा भरू नका. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा नंबर मिळवा आणि रविवारी संध्याकाळी त्याला फोन करा. प्राध्यापक खोटं बोलत नाहीत, पण रेसिडेंट जास्त खरं बोलतो. विचारायचं ते असं. वर्षाला अँजिओप्लास्ट्या किती होतात, आणि त्या किती रेसिडेंटमध्ये वाटल्या जातात? दोन हजार केसेस आणि वीस रेसिडेंट यापेक्षा आठशे केसेस आणि चार रेसिडेंट बरे. तिसऱ्या वर्षी मुख्य हात तुझा असतो, की तू शेवटपर्यंत डाय (एक्स-रेवर वाहिनी दिसावी म्हणून सोडायचा द्रव) देणारा दुसरा माणूस? रात्री अडीचला आलेल्या अटॅकची अँजिओप्लास्टी रात्रीच होते, की सकाळची वाट बघतात? फुग्यानं मायट्रल झडप उघडायचं काम अजून होतं का?

हा शेवटचा प्रश्न मुद्दाम. लहानपणी घशाच्या आजारातून आलेला संधिवाताचा ताप आणि त्यानं आवळलेली झडप आपल्या वस्त्या-तांड्यांवर अजून सापडते. पंचवीस वर्षांची बाई, पोटात सहा महिन्यांचं बाळ, चालली की दम लागतो. तिला इनोए नावाच्या फुग्यानं झडप उघडून दिली की दुसऱ्या दिवशी ती जिना चढते. महागड्या कॉर्पोरेट रुग्णालयात शिकलेल्या पोरांनी कधीकधी हे काम पाहिलेलंही नसतं.

आत गेल्यावर काय होतं

पहिलं वर्ष सीसीयू, इको, संमतीपत्रं आणि शीथ (धमनीत घातलेली नळी) काढून मनगट दाबून बसणं यात जातं. दुसऱ्या वर्षी अँजिओग्राफी (डाय सोडून वाहिन्यांचं चित्र काढणं) हातात येते, तिसऱ्या वर्षी अँजिओप्लास्टी. क्रम थोडाफार इकडंतिकडं होतो.

मनगटातून जाणं कसं असतं ते सांगतो. रेडियल धमनीचा व्यास दोन-अडीच मिलिमीटर. त्यात घालायची सहा फ्रेंच मापाची नळी आतून दोन मिलिमीटर, बाहेरून त्याहून थोडी जाड. म्हणजे जागा जवळपास नाहीच. डाव्या हाताच्या तीन बोटांनी नाडी धरायची आणि ती सापडल्यावर दाबायची नाही. नवशिक्या इथंच फसतो. जोर लावला की धमनी चपटी होते आणि सुई तिच्या शेजारून जाते. दोन-तीनदा टोचलं की धमनी रागावते, आकसते आणि मग कुणालाच सापडत नाही. माझ्या पहिल्या पंधरा दिवसांत मी इतक्या नाड्या रागावून ठेवल्या की सिस्टर मला बघून जांघेचा ट्रे आधीच उघडून ठेवायच्या.

त्यानंतर वायर. हृदयाच्या वाहिनीत जाणारी वायर ०.०१४ इंच जाडीची. तिच्या मऊ टोकाला आपण बोटांनी थोडा बाक देतो आणि ती बाहेरून फिरवत आत वळवतो. डोळे पडद्यावर आणि बोटं रुग्णाच्या मांडीपाशी. सायकल शिकण्यासारखं आहे, सांगून येत नाही.

माझी एक चूक सांगतो, कारण ती प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगतो. डीएमचं तिसरं वर्ष होतं. साधी केस, मधोमध एक अडथळा. जाळी सुंदर बसली आणि मी तिच्याकडंच बघत राहिलो. तेवढ्यात वायरचं टोक पुढं सरकून बारीक फांदीत घुसलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. रुग्णाला खाटेवर हलवलं. दीड तासानं रक्तदाब ऐंशीवर आला. त्यांच्या बायकोनं सांगितलं, "यांना घाम सुटलाय." इको लावला तर हृदयाभोवती रक्त साचलेलं. सुईनं ते काढलं आणि परत कॅथलॅबमध्ये नेलं. सरांनी गळतीच्या अलीकडं फुगा फुगवून ठेवला, मग रुग्णाच्याच कातडीखालची चरबी चिमूटभर काढून बारीक नळीतून त्या फांदीत सोडली. गळती थांबली. माणूस वाचला. सर रागावले नाहीत, हात धुताना एवढंच म्हणाले, "पडद्याच्या मधोमध सगळेच बघतात. तू कोपऱ्यात बघायला शीक." आजही जाळी फुगवताना माझ्या तोंडून आपोआप निघतं, "वायरचं टोक कुठंय?" टेक्निशियन हसतात. हसू देत.

नेमकं काय झालं ते त्या रात्री मी जाऊन रुग्णाच्या बायकोला सांगितलं, हेही शिक्षणातच धरा. "माझ्या हातून वायर पुढं गेली" हे वाक्य मराठीत, जड शब्द न वापरता बोलता यायला हवं.

एप्रन, बिल्ला आणि पाठ

आमचं सगळं काम क्ष-किरणांत चालतं. शिशाचा एप्रन, गळ्याला कॉलर, शिशाचा चष्मा. एप्रनचं वजन काही किलोंचं असतं आणि दिवसाचे सहा तास अंगावर असतं. चाळिशीत आमच्यातल्या बऱ्याच जणांची कंबर बोलायला लागते. एकसंध एप्रनपेक्षा घागरा-चोळीसारखा दोन तुकड्यांचा घ्या, निम्मं वजन कमरेवर उतरतं. वापरून झाला की हँगरला लावा, घडी घालू नका. घडीवर शिसं तडकतं आणि ती भेग बाहेरून दिसत नाही.

छातीवर लावायचा टीएलडी बिल्ला तुम्हाला किती किरणं लागली ते मोजतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. रेसिडेंट काय करतात? आकडा वाढेल म्हणून बिल्ला लॉकरमध्ये ठेवून कामाला जातात. असला शहाणपणा करू नका. ट्यूबपासून एक पाऊल मागं सरकलात तरी डोस झपकन उतरतो, कारण अंतर दुप्पट झालं की किरणं चौथाईवर येतात. एक्स-रे चालू ठेवणाऱ्या पायडलवरून पाय काढायची सवय लावून घ्या.

मुली मला हळू आवाजात विचारतात, "सर, लग्न-मूल याचं काय?" गरोदरपणात काम करायचं की नाही हा निर्णय तिचा. कळल्याबरोबर सांगायचं, एप्रनच्या आत पोटापाशी दुसरा बिल्ला लावायचा, आणि उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. ते महिने इको, ओपीडी, सीसीयूत काढणाऱ्या सहकारी मी पाहिल्यात, आणि परत येऊन आमच्यापेक्षा सफाईनं वायर टाकणाऱ्याही. या शाखेत बायका कमी आहेत याला क्ष-किरणांइतकेच विभागप्रमुखांचे टोमणे कारणीभूत आहेत, असं माझं मत.

डीएमनंतर लगेच काय

नॅशनल बोर्डाची दोन वर्षांची एफएनबी इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजी आहे, परदेशी फेलोशिप आहेत. डीएममध्ये हात भरपूर चालला असेल तर माझ्या मते त्यांची गरज नाही. एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी दीड-दोन वर्षं ज्युनिअर कन्सल्टंट म्हणून काढा, तिथं दगडासारख्या कॅल्शियमला रोटानं (फिरत्या बारीक ड्रिलनं) घासणं, आतून बघणारा आयव्हस आणि ओसीटी, वर्षानुवर्षं पूर्ण बंद असलेल्या वाहिन्या, हे शिकून घ्या. मुख्य म्हणजे एकट्यानं निर्णय घ्यायची सवय लागते आणि तरी पलीकडच्या खोलीत कुणीतरी मोठं माणूस असतं.

कधी करायचं नाही हेही याच काळात शिकायचं. अटॅक चालू असताना वाहिनी उघडली की जीव वाचतो, त्यात वाद नाही. पण चालताना थोडं दुखतं, औषधांनी बरं आहे, अशा स्थिर रुग्णात जाळीनं आयुष्य वाढतं असं २००७ च्या करेज किंवा २०२० मध्ये छापून आलेल्या इस्केमिया चाचणीत दिसलं नाही. दुखणं कमी होतं, तेही मोलाचं आहे, पण रुग्णाला ते तसंच सांगायला हवं. पडद्यावर सत्तर टक्के अडथळा दिसला की हात शिवशिवतात. बाहेर नातेवाईक म्हणतात, "आलोच आहे तर टाकून टाका." व्यवस्थापनाला महिन्याचा आकडा हवा असतो. या तिघांना एकदम 'नको' म्हणणारा सीनियर जिथं असेल तिथं शिका, पगार कमी असला तरी.

गावाकडं परतणं

मी परतलो तेव्हा मला वाटलं होतं काम कॅथलॅबमध्ये असेल. निम्मं काम फोनवर निघालं.

रात्री पावणेतीन. व्हॉट्सअ‍ॅपवर ईसीजीचा फोटो, थोडा तिरका, कोपऱ्यात चहाचा डाग. खाली मेसेज: "५२ वर्षं, पुरुष, ऊसतोड मुकादम, दोन तासांपासून छातीत जळजळ, घरी सोडा पाजला." तालुक्याचा फिजिशियन. माझ्यापर्यंतचा रस्ता तीन तासांचा. दोन तासांच्या आत वाहिनी उघडता येणार नसेल तर गोठलेलं रक्त विरघळवायचं इंजेक्शन तिथंच, अर्ध्या तासात द्यायचं, आणि मग रुग्ण पुढं पाठवायचा. तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करून बघायचं. हे नियम सगळ्यांना पाठ असतात. अडतं दुसरीकडंच. त्या डॉक्टरला भीती असते की इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव झाला तर गावात दवाखाना फुटेल. तेव्हा तुम्ही फोनवर त्याच्यासोबत थांबायचं. रक्तस्रावाचे प्रश्न एकेक करून विचारायचे, डोस सांगायचा, "मी सांगितलं असं कागदावर लिही" म्हणायचं, एका नातेवाइकाला फोन द्यायला सांगून स्वतः बोलायचं. एकशे आठची गाडी निघाली की परत झोपायचं, जमलं तर.

म्हणून परतल्यावर पहिले सहा महिने गाडी काढा आणि तालुक्या-तालुक्याला जा. पाकीट घेऊन जाऊ नका, ईसीजी घेऊन जा. फिजिशियन असो की बीएएमएस असो, जेवणाआधी तासभर बसून त्यांच्याच रुग्णांचे ईसीजी वाचा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे, एवढी एक गोष्ट रुजवलीत तरी तुमच्या कॅथलॅबपेक्षा जास्त जीव वाचतील. आपल्याकडं अटॅकला आधी 'गॅस' म्हणतात, मग 'पित्त', मग 'कुणाची तरी नजर'. चौथ्या नंबरवर आपण.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर. रुग्ण पाठवण्याबद्दल टक्केवारी मागणारे भेटतील. १ ल्या महिन्यातच भेटतील. कट देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैर आहे. वर उल्लेख केलेल्या बावस्करांनी निदान केंद्राकडून आलेला कमिशनचा चेक परत पाठवून मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली होती. तेवढं धाडस सगळ्यांकडं नसतं, मान्य. निदान सुरुवात तरी चेक न घेण्यानं करता येते. नाही म्हटलं की पहिलं वर्ष ओपीडी रिकामी राहते. कर्ज कमी ठेवा म्हणून सांगत होतो ते यासाठीच.

पैशाची बाजू

नोकरी, ठरलेली किमान रक्कम अधिक केसमागे वाटा, किंवा चौघांनी मिळून कॅथलॅब टाकणं, असे साधारण तीन प्रकार. कॅथलॅबचं मशीन कोटींच्या घरात जातं, तेव्हा पहिली पाच वर्षं तरी तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडं येणारे बरेचसे रुग्ण महात्मा फुले योजनेतले असतील. रेशनकार्ड, आधार, आरोग्यमित्राची खिडकी, मंजुरी, मग केस. अटॅकमध्ये आधी फोनवरून मंजुरी घेऊन काम सुरू करता येतं, ही पद्धत स्वतः समजून घ्या, सगळं आरोग्यमित्रावर सोडू नका. अँजिओग्राफीची सीडी, जाळीचं स्टिकर, नोट यात एक कागद कमी पडला की बिल अडकतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं जाळ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधवाली जाळी तेव्हा २९,६०० रुपयांवर आली, आधी ती लाखाच्या वर विकली जायची. त्यानंतर आकडे बदलत राहिले. चालू दर भिंतीवर लावून ठेवा, नातेवाइकांचे निम्मे संशय तिथंच मिटतात.

आणि समजावून सांगताना ठिबक सिंचन वापरा. ओपीडीतल्या शेतकऱ्याला कोरोनरी आर्टरी कळत नाही, लॅटरल (ठिबकची बारीक नळी) चोकअप झालेली लगेच कळते. "तुमच्या हृदयाची मेन लाइन चालूय, पण एक लॅटरल चोंदलीय, तिकडचं पीक वाळतंय." एकदा पाथरीकडच्या एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग अ‍ॅसिड सोडा की साहेब." रक्त विरघळवणाऱ्या इंजेक्शनची कल्पना इतक्या थोडक्यात मलाही कधी मांडता आली नव्हती.

एमबीबीएस नाही मिळालं तर

हा भाग शेवटी आला म्हणून दुय्यम समजू नका. कॅथलॅब डॉक्टर एकटा चालवत नाही. बारावी सायन्सनंतर आरोग्य विद्यापीठाचे पॅरामेडिकलचे पदवी अभ्यासक्रम आहेत, त्यातून कॅथलॅब टेक्निशियन होता येतं. आमच्याकडचा सीनियर टेक्निशियन जिंतूर तालुक्यातला. नीट दोनदा दिली, जमली नाही. आज मी हात पुढं करायच्या आत त्याच्या हातात बरोबर मापाचा फुगा असतो, आणि माझ्या डोळ्यांतून सुटलेली रक्तदाबाची घसरण तो आधी ओरडून सांगतो. प्रवेश घेण्यापूर्वी एवढंच करा: कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, त्यांच्या रुग्णालयात स्वतःची कॅथलॅब आहे का आणि तिथं आठवड्याला किती केसेस लागतात, हे एका मंगळवारी सकाळी जाऊन दाराबाहेरच्या यादीवर वाचून या.